हिरवा नसलेला हिरव्या

आमची आर्विलावहिनी म्हणजे महासंशयी बाई. दुकानातलं अंडं दिव्यासमोर धरून बघणार, पाद्रीबाबा नुसते हसले तरी "आज काय हवंय यांना?" म्हणणार. तिचा नवरा, म्हणजे माझा भाऊ लावार, कपाळाला हात लावायचा. मी तर तोंडावर म्हणायचे, "वहिनी, स्वर्गाचं दार उघडलं तरी तू आधी फटीतून डोकावशील!"

त्या दुपारी लावार घळीकडचं कुंपण दुरुस्त करून आला तो हसतच. हाताला खुळखुळ्या साप चावला होता. त्याने फावड्याने साप मारला, शेपटीचा खुळखुळा कापून टोपीच्या पट्ट्यात खोचला. आमच्याकडच्या पुरुषांची ही खोडच.

"चौकटपाठ्या होता," तो म्हणाला. "मेल्याने विषही सोडलं नाही. हात सुजलाय का, बघ!"

खरंच सुजला नव्हता. चौकटपाठ्या म्हणजे पाठीवर चौकटी असलेला खुळखुळ्या; त्याचं विष भिनलं की हाताचा भोपळा होतो. मी हुश्श केलं आणि कॉफी ठेवली.

"हिरव्या नव्हता कशावरून?" वहिनी.

"अगं, हिरवा नव्हता म्हणून! मातकट होता. डोळे आहेत मला."

आमच्या मोहावे वाळवंटातल्या खुळखुळ्यांत हिरव्या हा सगळ्यांत वाईट. म्हणून जो हिरवा दिसत नाही त्याला घाबरायचं नाही, असा आमच्या गावाचा हिशेब.

"दवाखान्यात चल."

"दोन डोंगर ओलांडून? कोरड्या चाव्यासाठी? गावभर हसं होईल!"

"धड कुठे टाकलंस?"

"ओढ्यात. जा, त्यालाच विचार त्याचं नाव!"

आणि ही बया खरंच गेली, भर उन्हात, कुदळ घेऊन. माझं डोकंच फिरलं. नवरा घरात पडलाय आणि ही मेलेल्या सापाची चौकशी करतेय! लावारचे डोळे मिटायला लागले होते. दमलाय बिचारा, म्हणून मी त्याच्या अंगावर चादर घातली.

वहिनी कुदळीवर धड लटकवून आली आणि दारातूनच ओरडली, "शेपटी बघ!"

खुळखुळा गेला होता, पण त्याच्या वरचे पट्टे शाबूत होते. चौकटपाठ्याचे काळे-पांढरे पट्टे सारखे रुंद असतात. इथे पांढरे रुंद, काळे अगदी बारीक.

"हिरव्याच आहे गं हा! नावावर जाऊ नका, तो मातकटही असतो. याच्या विषाने सूज येईलच असं नाही, श्वास मात्र थांबतो. लावार, ऊठ!"

त्याला पापण्या उचलता येईनात. "मी बरा..." एवढं बोलला आणि पुढे जीभच वळेना.

गाडी मी हाकली. मागे वहिनी त्याच्या तोंडाला तोंड लावून श्वास भरत होती आणि मध्येच किंचाळत होती, "आरशात काय बघतेस, रस्ता बघ!"

दवाखान्यात विषावरचं औषध दिलं, श्वासाचं यंत्र लावलं. वहिनी त्या यंत्राच्याही उशाशी पहारा देत बसली. "हे खोटं दाखवत असेल तर?" काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी नळी काढली. म्हणाल्या, "आता श्वास त्याचा स्वतःचा आहे."

वहिनीचा कुठला विश्वास बसायला! तिने लावारच्या छातीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग मान न उचलताच हमसून हमसून रडायला लागली. मी जवळ गेले, तर तिने माझा हात धरून मला खाली ओढलं.

"त्याचाच आहे गं," ती म्हणाली. "तू स्वतः ऐक. माझ्यावर विसंबू नकोस."