बंद घरातला भरलेला माठ

इथले अनुभव मी बऱ्याच महिन्यांपासून वाचतेय. खरं सांगायचं तर हसत हसतच वाचायचे. मी अकलूजला एका डेअरीच्या लॅबमध्ये काम करते. दुधात पाणी किती, पाण्यात क्षार किती – दिवसभर हेच. घरात कुणी दृष्ट काढायला लागलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. त्यामुळे पुढचं वाचून कुणी "ताई, भास झाला असेल" म्हणालं तर मला राग येणार नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही तेच म्हणाले असते. फक्त भास एकाच वेळी सगळ्यांना होतो का, एवढं मला सांगा...

माझी शांतामावशी सोलापुरात नर्स होती. लग्न केलं नाही. रिटायर झाली तरी गल्लीतले लोक तिला सिस्टरच म्हणायचे. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत तिचं घर – दोन खोल्या, मागे मोरी, वर स्लॅब. आजूबाजूला बहुतेक तेलुगू घरं. मी लहानपणी सुट्टीत जायचे तेव्हा मागांच्या खडखडाटात ओरडून बोलावं लागायचं. आता त्यातले निम्मे माग भंगारात गेलेत. काही वर्षांपूर्वी थंडीत मावशी झोपेतच गेली. मृत्युपत्रात तिनं घर दोघांना ठेवलं होतं – मला आणि पुण्याच्या माझ्या मावसभावाला, महेशला.

मृत्युपत्र साध्या कागदावर, रजिस्टर न केलेलं. वकील म्हणाले, प्रोबेट घ्या – म्हणजे हे मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा आदेश. अर्ज टाकला. मग नोटिसा, तारखा, पुढची तारीख... तुम्हाला माहीतच आहे.

इकडे महेशला घाई. त्याची कंपनी बंद पडली होती आणि एका चांगल्या ठिकाणी दुकानाचा गाळा मिळत होता. तेवढ्यात एजंटनं बिरूशेठना आणलं. मूळचे सांगोल्याकडचे, डाळिंबाच्या बागा आहेत, आता सोलापुरात जुनी घरं घेऊन पाडतात आणि नवीन बांधतात. त्यांचं म्हणणं सरळ होतं.

"कोर्टाचं तुमचं चालू द्या की. मी रोख देतो, तुमी नोटरी करून ताबा द्या. निकाल आला की खरेदीखत करू."

वकिलांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मी याला हो म्हणणार नाही. बाकी तुमची मर्जी."

महेशनं त्यातलं 'मर्जी' तेवढं ऐकलं. आणि मी? मलाही सुटायचं होतं. दर तारखेला एसटीनं अकलूज-सोलापूर करून जीव मेटाकुटीला आला होता.

घर रिकामं करायला आम्ही दोघं गेलो तेव्हा उन्हाळा ऐन भरात होता. मावशीच्या तेराव्यानंतर घर बंदच होतं. कुलूप मीच काढलं. आतमध्ये भट्टीसारखी धग. स्वयंपाकघरात गेले आणि कोपऱ्यातल्या तिवईवरच्या माठाकडे लक्ष गेलं. बाहेरून ओला होता. नुसता ओला नाही, चांगला पाझरत होता, खाली फरशीवर ओल पसरलेली. रिकामा माठ पाझरत नाही. झाकण काढलं तर काठोकाठ पाणी... थंडगार.

"तू भरून ठेवला होतास?" महेशनं विचारलं.

"कशानं भरणार? नळ मीटरपाशी बंद करून घेतलाय मी. वरची टाकीही कोरडी आहे."

समोरच राहणाऱ्या नरसम्माला हाक मारली. मावशीची तीस-चाळीस वर्षांची शेजारीण.

"किल्ली होती माझ्याकडे, सिस्टर असताना," ती म्हणाली. "तेराव्याला तुम्हीच नेली की ताई. आणि आमच्याच नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येते. बंद घरात मी कशाला भरू?" मग म्हणाली, "दुपारी भांड्याचा आवाज येते कधी कधी. आम्ही समजलो, तुम्ही आले असतील."

महेश माझ्याकडे बघून हसला, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

मी माठ मोरीत ओतला, कोरडा पुसला आणि तिवईवर पालथा घातला. बाजारातून नवीन कुलूप आणून लावलं. दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये. पुढच्या रविवारी आलो, कुलूप काढलं... माठ सुलटा. भरलेला. वर झाकण, झाकणावर मावशीचं पाणी काढायचं पितळी ओगराळं.

महेशनं सगळ्या खिडक्या तपासल्या, स्लॅबवर जाऊन आला, मोरीची जाळी हलवून बघितली. काही नाही. मग तो बाहेर जाऊन मोटारसायकलवर बसून राहिला. मी मला येतं तेच केलं – बाटलीत सॅम्पल घेतलं.

लॅबमधल्या सहकाऱ्यानं रिपोर्ट बघितला आणि विचारलं, "कुठल्या विहिरीचं आणलंस?" सोलापूरच्या नळाला धरणाचं पाणी येतं. हे ते नव्हतंच. जड, खारट, जिरायती भागातल्या जुन्या विहिरीचं असतं तसं. मावशीच्या गल्लीत विहीर नाही. एक बोअर आहे, तीही आटलेली.

त्या आठवड्यात माझं कशात मन लागेना. डेअरीत एकच टेस्ट परत परत करायचे. घरी आले की आधी आमच्या माठाचं झाकण उचलून बघायचे. नवरा विचारायचा काय झालं, मी काही नाही म्हणायचे. महेशला फोन केला तर म्हणाला, "ताई, तू तो रिपोर्ट फाडून टाक. रविवारी सही झाली की घर पाडतील, माठ पण जाईल. विषय संपला." मलाही तसंच व्हायला हवं होतं. तरी रिपोर्ट मी फाडला नाही.

ठरल्याप्रमाणे बिरूशेठ आले. भर दुपार. सोबत कागद, काखेत बॅग. बाहेरच्या खोलीत महेशनं खुर्च्या मांडल्या होत्या. शेठ घामानं भिजलेले.

"ताई, जरा पाणी द्या."

मी पिशवीतून विकतची बाटली काढायला वळले. तोवर ते उठून आतही गेले होते. माणूस खेड्यातला, माठ दिसल्यावर बाटली कशाला बघेल? मी "ते नको, शेठ..." म्हणेपर्यंत त्यांनी ओगराळं तोंडाला लावलं होतं.

ते तसेच उभे राहिले. परत एकदा ओगराळं बुडवलं आणि हळूहळू प्यायले. चव बघतात तसं.

"हे पाणी कुटनं आणलं?"

"का? काय झालं?" महेश दारात आला.

"आमच्या हिरीचं पाणी हाय हे."

महेश म्हणाला, "शेठ, पाण्यासारखं पाणी. सगळीकडे सारखंच लागतं."

"न्हाय." त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "मी लहानपणापासनं त्येच पाणी प्यालोय. मला कळतंय की. अन् ती हीर आता न्हाय. मीच बुजवली. वर गोठा बांधलाय." मग माझ्याकडे वळून, "हे घर कुणाचं म्हणालात?"

"आमच्या मावशीचं, शांताबाईंचं. नर्स होती."

"नोकरी कुटं व्हती?"

"इथेच. त्याआधी खेड्यांवर बदल्या झाल्या होत्या तिच्या. नेमकं कुठं ते मला माहीत नाही." आणि खरंच माहीत नव्हतं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

त्यांनी मोबाइल काढला, गावाकडे आईला फोन लावला. ऐकायला कमी येतं म्हणून स्पीकरवर.

"आई, आपल्या हिरीचं पाणी कसं लागायचं गं?"

"हे काय मदीच? मचूळ व्हतं. पर उनातनं आल्यावर लई ग्वाड लागायचं."

"आपल्याकडं शांताबाई म्हणून नर्स व्हती का?"

"व्हती की. लई दिस व्हती. उनाची चालत यायची. आली की पयलं हिरीवर जाऊन पाणी प्यायची, मग बाळंतिणीकडं."

महेश दाराच्या चौकटीला धरून उभा होता. शेठनी मोबाइल तोंडाजवळ धरला, "माझ्या येळेला तीच व्हती का?"

"ती व्हती का तिच्या आधीची... आता ध्येनात न्हाय, बाबा. का रं?"

"काय न्हाय. जेवलीस का?"

"जेवले."

फोन ठेवून ते उंबऱ्यावर बसले. मग बॅग उचलली. "महेशराव, कोर्टाचा कागद येऊ द्या आदी. तवर मला ह्या घराला हात लावायचा न्हाय."

"शेठ, गाळ्याचं उद्या ठरायचंय. मी शब्द दिलाय तिकडे."

"तुमचं बरुबर हाय. पर मला आता जमायचं न्हाय." आणि ते गेले. चपला घालतानाही मागे वळून स्वयंपाकघराकडे बघत होते.

महेश माझ्यावर घसरला. मीच कुणाला तरी सांगून पाणी भरून ठेवलं, मला घर विकायचंच नव्हतं, असं काय काय बोलला. मी आत गेले, पेल्यात पाणी घेतलं आणि प्यायले.

साधं पाणी. थंड. बाकी काही नाही. ज्या पाण्याचा रिपोर्ट जड आणि खारट आला, ते मला चवीला साधं लागलं, हे लिहितानाही विचित्र वाटतंय.

महेशनं माझ्या हातातून पेला घेतला. रागातच भरला आणि प्यायला. अर्ध्यात थांबला. मग राहिलेलं पाणी अगदी सावकाश संपवलं, पेला धुतला, पालथा ठेवला आणि गाडी काढून पुण्याला निघून गेला.

त्यानंतर माठ परत कधी भरला नाही. मी नंतर कितीतरी रविवार गेले. कोरडा ठाक असायचा.

पुढचं थोडक्यात सांगते. काही आठवड्यांनी आमच्या एका मामेभावानं कोर्टात हरकत घेतली – मृत्युपत्र खोटं आहे म्हणून. वकील मला म्हणाले, "त्या दिवशी रोख घेऊन ताबा दिला असतात ना, तर आज तुम्ही दोघं पोलीस स्टेशनला असता." हरकत टिकली नाही, प्रोबेट मिळालं. बिरूशेठना फोन केला तर म्हणाले, "दुसऱ्या कुणाला द्या, ताई." शेवटी घर नरसम्माच्या मुलानं बँकेचं कर्ज काढून घेतलं. पाडलं नाही. महेशचा गाळा हातचा गेला, तो आता एका ओळखीच्या माणसाकडे काम करतो.

मी माझ्या परीनं सगळं तपासलं. कुणाकडे दुसरी किल्ली असेल? नव्या कुलपाची कुठून येणार? कुणी खोडी केली असेल तर सांगोल्याच्या बुजलेल्या विहिरीचं पाणी कुठून आणेल? आणि ते मला साधंच का लागलं? मावशीची सगळ्यात जास्त जवळीक माझ्याशी होती, असं मी समजत होते.

महेशची आई, म्हणजे माझी मधली मावशी, तो फार लहान असताना गेली. तिचा चेहराही आठवत नाही म्हणतो. खरेदीखताच्या दिवशी रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर बाकावर आम्ही नंबरची वाट बघत बसलो होतो, तेव्हा मी त्याला विचारलं, "त्या दिवशी तुला काय चव लागली रे?"

तो माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "ताई, एवढं मला विचारू नकोस."

त्यानंतर मी विचारलेलं नाही.