ताहेरची पोटरी

बायकोनं, बिल्कीसनं पायाला हात लावला की ताहेर तोंड भिंतीकडे फिरवायचा. लकव्यानंतर त्याची उजवी पोटरी आखडत आखडत लाकूड झाली होती. टाच जमिनीला टेकत नव्हती. पाय रोज ताणा, असं दवाखान्यात सांगितलेलं, म्हणून बिल्कीस दोन्ही वेळा त्याचा गुडघा वाकवायची, पंजा धरून वर रेटायची. तो कळवळायचा, शिव्या द्यायचा. बोलणं बहुतेक गेलं होतं, शिव्या तेवढ्या स्वच्छ राहिल्या होत्या. तिसरं वर्ष चाललं होतं. बाळापुरातलं त्याचं सायकलचं दुकान बंदच होतं, आणि भाकर थापतानाही तिची मनगटं ठणकायची.

अकोल्याच्या एका दवाखान्यात डॉक्टर भावना अशाच पायांचा अभ्यास करत होत्या. त्यांनी ताहेरला एमआरआयसाठी बोलावलं. त्याला बसमधून उतरवून ऑटोत बसवेपर्यंतच बिल्कीसचा जीव अर्धा झाला.

भावनांनी तिला समजावून सांगितलं. कधी मेंदूच स्नायूला सारखा आवळून धरायला लावतो. तेव्हा मांस आतून मऊ असतं, इंजेक्शनानं सैल पडतं. कधी मांसच चिवट, तंतूतंतूंचं होऊन बसतं, मग इंजेक्शनाचा फारसा उपयोग नाही. हातानं चाचपून हे नेमकं कळत नाही. म्हणून पोटरीला चकती बांधून हलकी थरथर द्यायची, आणि आत लहरी कशा धावतात ते मशीननं टिपायचं. मऊ मांसात लहर सावकाश जाते, कडक मांसात पळते. शिवाय मांसाच्या धाग्यांच्या दिशेनं तिचा वेग एक, आडवा दुसरा. म्हणून दोन्हीकडून मोजायचं.

बिल्कीसनं मान हलवली. तिला एवढंच हवं होतं, की इंजेक्शन चालेल म्हणावं. ताहेरला आत नेलं आणि ती बाहेरच्या बाकड्यावर बसल्या बसल्या झोपली. नर्सनं उठवलं तेव्हा तपासणी आटोपली होती.

पडद्यावर दोन्ही पोटऱ्या होत्या. डावीत लहरींचे पट्टे दाट, जवळजवळ. उजवीत लांब लांब पसरलेले, म्हणजे तिथं लहर पळत होती. भावनांनी आडपडदा ठेवला नाही. मांस आतून तंतुमय झालं होतं.

बिल्कीसनं पडद्यावरच्या उजव्या पोटरीकडे बोट केलं. मग म्हणाली, "म्हणजे मॅडम, मी इतके दिवस दाबून राहिली, ते फुकटच गेलं?"

"नाही भाभी. त्यांचा गुडघा वाकतो तो तुमच्यामुळं. पण पोटरी आता ताणून सुटणार नाही. टाचेची शीर लांब करायचं छोटं ऑपरेशन करू. तोवर जोर लावू नका."

बिल्कीसला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. जोर लावू नका, एवढंच कानात राहिलं.

घरी पोचल्यावर संध्याकाळी ती सवयीनं त्याच्या पायथ्याशी जाऊन बसली. ताहेरनं तोंड फिरवलं. तिनं पाय उचलला नाही, चादर तेवढी सारखी केली.

"आता नाही दाबणार," ती म्हणाली. "डॉक्टरनं मना केलं."

तो हळूहळू तिच्याकडे वळला. किती दिवसांत त्यानं तिच्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतं.

हिवाळ्यात ऑपरेशन झालं. टाच टेकली. काठी घेऊन तो दारापर्यंत येतो, गल्ली पाहत उभा राहतो. त्याच्यानं दुकान होणार नाही, हे दोघांनाही माहीत आहे. बिल्कीसची मनगटं अजून दुखतात. दुपारी मात्र ती आता थोडी आडवी होते, आणि तो तिला उठवत नाही.