चेटकिणीचं काम

शेजारची इरा आमच्या दिवाणखान्यात मांडी घालून नवा कार्टून सिनेमा पाहत होती. एकदम ओरडली, "मावशी, ही राजकन्या माझ्यासारखी आहे! काळी!" आणि पुन्हा निवांत चिवडा खाऊ लागली. त्या निवांतपणाचा मला हेवा वाटला. आठ वर्षांच्या पोरीचा हेवा, तोही पन्नाशीत.

माझी धाकटी बहीण सुमन माघात गेली. आमच्या लहानपणी अशा सिनेमांतली राजकन्या दुधासारखी गोरी असे. काळेसावळे, जाड ओठांचे, ते चोर, नोकर, नाहीतर चेटकीण. सिनेमा पाहून आलो की आम्ही मुली अंगणात तोच खेळायचो. मी गोरी, म्हणून राजकन्या. सुमन सावळी, म्हणून चेटकीण. हे कुणाला ठरवावंही लागलं नाही.

एकदा ती म्हणाली, "ताई, आज मी होऊ राजकन्या?"

"आधी आरशात बघून ये," मी म्हटलं.

ती खरंच गेली आणि तोंडाला पावडर थापून आली. आम्ही सगळ्या पोट धरधरून हसलो.

इराला आज जे सहज मिळालं, ते सुमनला एकदाही का मिळू नये? त्या जुन्या सिनेमांवर रागवावं म्हटलं, तर आरसा दाखवणारी मीच होते.

सिनेमा संपला. इरा उठली. "मावशी, आता खेळूया. मी राजकन्या. तू कोण?"

खुंटीवर सुमनची काळी शाल होती. ती पांघरली आणि म्हटलं, "मी चेटकीण."