धरून टाकलेलं मत

"तिला काय विचारायचं? इंग्लिश मीडियमची आहे ती. तिचं मत आपल्याकडेच धर."

मी लेडीज कॉमन रूमच्या दाराबाहेर कूलरवर बाटली भरत होते. आवाज आमच्या सीआरचा, म्हणजे वर्गप्रतिनिधीचा होता. गॅदरिंगला प्रत्येक वर्गाला एकच डान्स मिळतो आणि त्यासाठी आत हात वर करून मतं घेणं चाललं होतं. एका बाजूला कोरियन बँडचं गाणं, दुसऱ्या बाजूला हळदीचं. मतं समसमान झाली होती. राहिलेलं एक मत माझं, आणि ते माझ्याशिवायच देऊन झालं होतं.

मी बाटली भरत राहिले. भांडायचा कंटाळा आला होता, खरं सांगायचं तर सगळ्याचाच. आमच्या कॉलेजात कुणाला काय आवडतं यावरून रोज काहीतरी पेटायचं. कुठला हिरो भारी, कुठली क्रिकेट टीम भिकार, कव्वाली ऐकणारी मुलगी म्हातारी कशी, मराठी सिनेमाला तिकीट काढून जाणारी वेडी कशी. नुसतं आवडून कुणाचं भागत नव्हतं. समोरच्याचं आवडणं खोडून काढल्याशिवाय डबा पचत नसे.

तो कोरियन बँड माझाच होता. म्हणजे शाळेपासूनचा. आमच्या गल्लीत समोरच पॉवरलूमचा कारखाना आहे, तो दिवसरात्र खडखडतो. अभ्यास करताना कानात इयरफोन घालायची सवय लागली आणि त्यात ही पोरं आली. घरी काकांनी एकदा फोनमध्ये डोकावून विचारलं होतं, "हे मुलगे आहेत की मुली? आणि लिपस्टिक कुठली लावतात?" सगळे हसले, मीही हसले. तेव्हापासून त्यांचा फोटो मी फोनच्या कव्हरमध्ये उलटा ठेवायचे. ऑनलाइन त्यांचे फॅन भेटले, तर ते परीक्षा घ्यायचे. हे माहीत नाही? मग तू कसली फॅन! तिथूनही मी हळूच बाहेर पडले.

फोटो उलटा का ठेवलाय, हे फक्त एकीनेच विचारलं. ती माझ्या बाकावर बसायची. अंजूर गावची, शेअर रिक्षाने यायची. वर्गात बोलताना ती जपून 'आहे' आणि 'नाही' म्हणायची. आम्ही दोघीच असलो की 'हाय' आणि 'न्हाय' सुरू व्हायचं.

"यांच्यातला तुझा कोन गो?"

मी बोट ठेवलं. तिने माझा एक इयरफोन काढून स्वतःच्या कानात घातला आणि गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदाही हसली नाही.

"बोल काय कलत न्हाय. ताल बरा हाय."

मग तिने तिचं लावलं. हळदीची गाणी गाणारा त्यांच्या पट्ट्यातला एक गायक आहे, त्याची ती जबरदस्त फॅन. मानकोलीला, वडप्याला, कुणाच्याही हळदीला तो येणार असला की ही ओळख काढून तिथे पोचायची. मी शेवटपर्यंत ऐकायचं ठरवलं होतं, पण ते कीबोर्डचं किंचाळणं मला झेपेना. माझ्या तोंडावर ते दिसलं असावं.

"न्हाय आवरला ना? असूदे," म्हणत तिने फोन बंद केला आणि मला डब्यातली भाकरी दिली. मला पटवायला ती पुन्हा कधी आली नाही. तिच्याजवळ बसलं की मला थोडं सुटल्यासारखं वाटायचं.

आमचं शेवटचं वर्ष. आधीच्या दोन्ही गॅदरिंगना ती कडेला, शेवटच्या रांगेत नाचली होती. या वेळी डान्स स्वतः बसवायचा म्हणून तिने स्टेप्स तयार केल्या होत्या. रिक्षाची वाट बघत स्टँडवर उभी असताना तिचे हात त्या करत असायचे.

मी आत गेले, तेव्हा ती स्पीकरपाशी उभी होती. दोघी जणी पदर खोचल्यासारखं करून कंबर हलवत होत्या. एकीने तोंडाने बेंजो वाजवला. सगळ्या खिदळल्या.

"अरे यार, हळदीला पिऊन नाचतात ते गाणं तू स्टेजवर लावणार?" सीआर म्हणाली. "समोर प्रिन्सिपल सर बसणार. थोडा तो क्लास चाहिए ना."

"ठीक आहे, नाही तर नाही," माझी बाकावरची मैत्रीण म्हणाली. अगदी शुद्ध, जपून. "तुम्ही करा तुमचं. मी नसेन यंदा."

ती हसत होती. काकांसमोर मी हसले होते, तसंच. तिने स्पीकरवरून आपला फोन डिस्कनेक्ट केला आणि बॅगेची चेन शोधायला लागली. चेन सापडेना.

"तू तरी सांग ना हिला," सीआर माझ्याकडे वळली. "तुझाच तर बँड आहे. किती ऑड दिसेल ते!"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. एरवी अशा वेळी मी खांदे उडवते आणि विषय दुसरीकडे जातो. तेच करणार होते. पण माझी पोरं या कामाला वापरलेली मला बघवेनात. ज्यांच्यामुळे मला इतकी वर्षं हसण्यावारी नेलं गेलं, त्यांचीच काठी करून दुसरीला हाणायचं होतं, आणि ती काठी मी हातात धरावी अशी अपेक्षा होती. मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"मी अजून मत दिलेलं नाही," मी म्हणाले. "तिचं गाणं मला आवडत नाही, हे तिलाही माहीत आहे. तरी माझं मत तिलाच धरा. ती बसवणार असेल तर मी नाचेन."