जांभळ्या नोटांचं देज

चीनच्या शानदोंगमधल्या एका लहानशा गावात लुआनबाई वाफेवरचे पाव विकत. पावाला एक ख्वाय. युआन हा शब्द आपला नोटेवर छापायला. बाजारात सगळ्यांच्या तोंडी ख्वायच, आणि त्याखाली माओ. दहा माओंचा एक ख्वाय, पण बाई त्यातला एक माओही सोडतील तर शपथ!

अशा बाईंच्या मुलाचं, फंगचं, थांगबाईंच्या मुलीशी, जिंगयीशी जमलं. पोरं एकमेकांवर जीव टाकत होती, पण थांगबाई अडून बसल्या. "मुलाकडून देज रीतीनंच हवं. पाचाच्या जांभळ्या नोटा दहा हजार, शंभराच्या लाल एक हजार, वर पन्नासाच्या हिरव्या मूठभर. माझ्या बहिणीच्या मुलीला आलं, मग माझीच काय रस्त्यावर पडलीय?"

लाल-हिरव्या बँकेत मिळाल्या. जांभळ्यांचं नाव काढलं की तिथली पोरगी हात जोडायची. "काकू, सगळं गाव फोनवरून पैसे देतं. आलेल्या चार नोटाही कुणीतरी आधीच उचलून नेतं."

लुआनबाईंनी मग दुकानात फोनचे पैसे बंद केले. जांभळी नोट आणा, पाचाच्या भावात सहा पाव न्या! निम्मं गिऱ्हाईक पळालं. फंग वैतागला, "आई, लग्न माझं की नोटांचं?"

"गप रे! नोटा नसल्या तर कुणाचंच नाही."

दोन वर्षांनी गोण्या घेऊन मायलेक थांगबाईंकडे गेले. पलंगभर नोटा मांडल्या. थांगबाईंची बहीण फोनवर चित्रण करत होती. मोजणी संपली आणि जांभळ्या दोनशे कमी भरल्या.

"अगंबाई! ताई, तू तर गल्लीभर दहा हजार सांगत फिरलीस ना?" बहीण गोड आवाजात म्हणाली.

आता मोडतंय असं वाटून लुआनबाईंनी रिकामी गोणी पुढं ओढली. पण थांगबाई उठल्या, आत गेल्या आणि बिस्किटांचा मोठा डबा घेऊन आल्या. "या तुम्ही आधी पाठवलेल्या, आमच्याकडेच राहिल्या होत्या," म्हणत त्यांनी दोनशे जांभळ्या पलंगावर टाकल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

लुआनबाईंनी डब्यात डोकावलं. डबा अजून गच्च भरलेला होता.

"म्हणजे बँकेतून तुम्हीच नेत होता?"

"हळू बोला हो," थांगबाई कुजबुजल्या. "धाकटा लग्नाचा आहे ना माझा. त्याच्या सासूनं हेच मागितलं तर?"

लुआनबाईंना हसावं की थोबाडीत द्यावी तेच कळेना. त्यांनी नोटा पुन्हा गोण्यांत भरल्या आणि तोंडं करकचून बांधली.

"या सोडूच नका, विहीणबाई. अशाच धाकट्याच्या सासूकडे पोचवा. आणि त्यांनाही मुलगा असला, तर सांगा, गाठ पक्की आहे."