नळीला चिकटलेलं

गुन्वोर लिंडेल कधी आवाज चढवायची नाही. राग मात्र ती नमुन्यांसारखा गोठवून ठेवायची. स्वीडनमधल्या योतेबोरीतल्या आमच्या प्रयोगशाळेत ती रुग्णांच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यातलं अमायलॉइड मोजायची. हे प्रथिन पाण्यात कमी भरलं, की ते मेंदूत साचतंय असं धरायचं. अल्झायमरची ती खूण.

अकरा वर्षांपूर्वी सगळ्याच रुग्णांचे आकडे घसरले. गुन्वोरनं कारण शोधलं: आमचा प्रमुख तोर्केल यानं मागवलेल्या नव्या, स्वस्त नळ्या. अमायलॉइड भलतं चिकट. तसल्या प्लास्टिकला ते धरून बसतं आणि मोजायला उरतच नाही. पण चोराच्या उलट्या बोंबा. कॉफीच्या वेळी दालचिनीचा बन मोडत तोर्केल सगळ्यांदेखत म्हणाला, "दोष नळीत नाही, गुन्वोरच्या हातात आहे." तिला यंत्रावरून उठवून बाहेरून आलेले नमुने नोंदवून घ्यायला बसवलं, आणि पुढच्या महिन्यात नळ्या गुपचूप बदलल्या. आम्ही बन चघळत गप्प राहिलो. त्याची मला अजून लाज वाटते.

गुन्वोर पुन्हा कॉफीला आली नाही. "हे मी त्याच्याच सहीनं लिहून घेईन," एवढंच मला म्हणाली.

गेल्या मार्चमध्ये तोर्केल माणसांची नावं विसरू लागला. दुसऱ्या गावच्या दवाखान्यात त्याच्या पाठीतलं पाणी काढलं आणि तपासायला आमच्याकडेच आलं. गुन्वोरनं नळी उजेडात धरली. तीच स्वस्त नळी. तो दवाखाना अजून तोर्केलच्याच जुन्या सल्ल्यानं चालत होता.

मी म्हटलं, तसाच मोजायला पाठव, येऊ दे खोटा आकडा; करावं तसं भरावं. ती म्हणाली, "मग लोक त्याची कीव करतील. ती त्याला मिळू द्यायची नाही."

तिनं नमुना नाकारला. पुन्हा सुई टोचायची तर आमच्या प्रमुखाची, म्हणजे अजून तोर्केलचीच, कारणासह सही लागते. तोर्केल स्वतः खाली आला. तिनं कागद पुढे केला: या नळीत आकडा खोटा कमी येतो, अकरा वर्षांपूर्वीही येत होता.

"नाही केली सही तर?"

"तर हाच नमुना मोजायला पुढे जाईल, माझ्याच हातून. माझे हात तुला ठाऊक आहेत."

त्यानं सही केली. दारापाशी थांबून हळूच म्हणाला, "दुसरा नमुना तूच मोज."

कागद तिनं कॉफीच्या खोलीत, बनच्या ताटाच्या वर भिंतीला लावला. नवा नमुना योग्य नळीत आला. तिनं तो तीनदा मोजला. तिन्ही वेळा आकडा खालीच होता, आणि या वेळी दोष नळीतही नव्हता, हातातही नव्हता.