राजवंतीचा पहिला गिअर

राजवंतीच्या नाकावर माशी बसलेली आमच्या फिजीतल्या वस्तीत कुणी पाहिलेली नाही. नवरा होता तोवर ती गरीब गाय होती, असं तिचा धाकटा दीर बिसुनदेव सगळ्यांना सांगतो. साफ खोटं. नवरा रामसमुझ तिचं ऐकायचा, म्हणून तिला आवाज चढवावा लागत नसे, एवढंच.

टेकडीच्या माथ्यावरचं घर त्या दोघांनी मिळून बांधलं. पत्रे, लाकूड, सिमेंट, सगळं खांद्यावरून वर नेलं. पायथ्याशी बिसुनदेवचं घर आणि त्याच्याभोवती ऊस. राजवंतीला मूलबाळ झालं नाही. रामसमुझ गेला आणि तेराव्याच्याच दिवशी बिसुनदेवनं विषय काढला.

“वहिनी, एकट्या वर कशाला राहता? खाली या आमच्यात. मागची खोली रिकामीच आहे.”

मागची खोली म्हणजे काय, ते राजवंतीला नीट ठाऊक होतं. पहाटे उठून ऊसतोडीच्या अख्ख्या टोळीच्या रोट्या लाटायच्या, भांडी घासायची, आणि वर ‘आम्ही सांभाळतोय हो तिला’ हे ऐकून घ्यायचं. तिच्या आत्याचा जन्म अशाच एका खोलीत गेला होता.

“माझ्या घराला काय धाड भरलीय?” ती म्हणाली.

“घराला नाही, तुमच्या गुडघ्यांना. बाजार घेऊन ती चढण रोज कोण चढणार?”

गुडघ्यांचं मात्र खरं होतं. म्हणून तिनं सोन्याच्या बांगड्या मोडल्या आणि ऑकलंडला कायमच्या निघालेल्या एका मास्तरची जुनी जपानी गाडी घेतली. तोवर तिनं स्टिअरिंगला हातसुद्धा लावलेला नव्हता. वसीतीनं तिला चालवायला शिकवलं. वसीती शेजारच्या कोरोतली, म्हणजे फिजी लोकांच्या गावातली. बापाचा खोबऱ्याचा ट्रक हाकण्यात तिची उमर गेलेली. तिची शिकवण्याची तऱ्हा एकच होती, चुकलं की शेजारच्या सीटवरून मांडीवर फटका.

गाडी मात्र मास्तरनं पुरती पिळून विकली होती. तिसरा गिअर टाकला की पन्नासेक पावलांवर आपोआप सुटायचा. राजवंतीनं जुन्या ट्यूबची पट्टी कापली, एक टोक सीटला बांधलं आणि दुसरं दांड्यात अडकवलं. तिसऱ्याची जिरली. दुसरा करकर करायचा, त्याला वसीतीच्या पद्धतीनं दोनदा क्लच दाबून गोंजारावं लागे. लंबासा शहरातल्या मिस्त्रीनं गिअरबॉक्सचं तेल काढलं तर त्यात चांदीचा चुरा पडावा तशी चमक.

“मावशी, हे दात आहेत तुमच्या गिअरचे,” तो म्हणाला. “तेलात उतरलेत. नवा गिअरबॉक्स टाका, नाहीतर गाडी भंगारात द्या.”

“माझे स्वतःचे किती उरलेत, मोजलेस का?” ती म्हणाली. “मला दिलंय का कुणी भंगारात? तेल भर गुपचूप.”

पुढं बिसुनदेवच्या घरी सत्यनारायणाची कथा होती. प्रसाद वाटून झाल्यावर तो पंडितजींसमोर म्हणाला, “आमच्या वहिनींच्या गाडीत बसायचं तर आधी मृत्युपत्र करावं लागतं.” सगळी पडवी हसली. राजवंती ताट ठेवून उठली.

“भाऊजी, ज्या दिवशी ही गाडी टेकडी चढणार नाही, त्या दिवशी मी तुमच्या मागच्या खोलीत येईन. तोवर त्या खोलीत कोंबड्या पाळा.”

बोलून गेली आणि घरी जाऊन स्वतःच्याच तोंडात मारून घेतली तिनं. पण भरल्या पंगतीत दिलेला शब्द. आमच्याकडे असा शब्द मोडणाऱ्याला पुढच्या कथेत पाटावर बसवत नाहीत.

तो दिवस शनिवारी उजाडला. बाजारात मिरच्या-भेंड्या विकून राजवंती परत निघाली होती. डिकीत पिठाची पोती, गॅसचा सिलिंडर, शेजारी वसीती. पहिल्या वळणाच्या अलीकडे पहिला गिअर टाकला आणि खालून कडाड आवाज आला. इंजिन नुसतं बोंबलायला लागलं, चाकं जागची हलेनात. तिनं दुसरा टाकून पाहिला. गाडी थरथरली, क्लच जळल्याचा वास आला आणि इंजिन बंद पडलं. ब्रेक सोडत सोडत ती गाडी मागे उतरवत आली आणि थांबली ती नेमकी बिसुनदेवच्या दारात.

पडवीत यांगोनाची, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं पेय करवंटीतून पिण्याची, बैठक बसली होती. करवंट्या हातातच राहिल्या. बिसुनदेव सावकाश पायऱ्या उतरून आला. त्याची बायको सुभागी दाराआडून बघत होती.

“झालं ना, वहिनी? चला, उतरा. खोली झाडून घेतो. गाडी आत घ्या, त्या आंब्याखाली. कोंबड्यांना होईल.”

रामसमुझ गेला तेव्हा रडली नव्हती इतकं राजवंतीला आत्ता रडावंसं वाटलं. वसीती हळूच म्हणाली, “अगं, मी कोरोतली पोरं बोलावते. ढकलू वर.”

“ढकललेली गाडी चढली म्हणतात का?”

हार मानून तिनं इंजिन पुन्हा चालू केलं आणि आंब्याखाली जायला रिव्हर्स टाकला. पुराचं पाणी शिरू नये म्हणून बिसुनदेवचं अंगण रस्त्यापासून पुरुषभर उंच भरलेलं, वर जायला मातीचा उभा उतार. गाडी पिठाच्या पोत्यांसकट तो उतार हूं की चूं न करता मागच्या मागे चढली आणि आंब्याखाली जाऊन उभी राहिली.

राजवंती वसीतीकडे वळली.

“वसीती, ही कशी चढली गं?”

वसीतीनं उताराकडे पाहिलं, टेकडीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “रिव्हर्सचा दम पहिल्याहून जास्त असतो! आमचा बाप भरला ट्रक असाच चढवायचा. मी मेली विसरलेच!”

“उतर खाली. माझ्या मागं चालत राहा आणि वळणं सांग.”

गाडी अंगणातून रस्त्यावर घरंगळली. राजवंतीनं ती टेकडीकडे पाठ करून उभी केली आणि रिव्हर्स टाकला. इंजिन रडायला लागलं, खडी उडाली आणि गाडी हळूहळू मागं सरकत चढणीला लागली. वसीती झगा वर खोचून गाडीच्या मागं चढणीवर पळत ओरडत होती, “डावीकडे घे! अजून! खड्डा आहे, बये, खड्डा!”

“अहो वहिनी!” बिसुनदेव रस्त्यात धावत आला. “उलट्या कुठं चाललात?”

“घरी, भाऊजी! गाडी चढेल एवढंच बोलले होते. तोंड कुठं असेल, ते नव्हते बोलले!”

पडवीतल्या एका म्हाताऱ्यानं करवंटी खाली ठेवली आणि मोठ्या माणसाला मान देताना वाजवतात तशा, ओंजळ करून, तीन खोल टाळ्या वाजवल्या. मग बाकीच्यांनीही. दाराआडून सुभागी बाहेर आली आणि नवऱ्यादेखत खळाळून हसली.

मागचं बघायला वसीती होती. राजवंती काचेतून सरळ खाली बघत राहिली, त्या पडवीकडे, त्या मागच्या खोलीच्या पत्र्याकडे. माथा येईपर्यंत तिनं मान एकदाही वळवली नाही.